विरळ हवेची खरी परीक्षा माचू पिचूवर नाही

पेरूतल्या इंका ट्रेलबद्दल, म्हणजे माचू पिचूला जाणाऱ्या जुन्या इंका पायवाटेबद्दल, एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: माचू पिचू हे इंकांचं प्राचीन नगर वाटेवरचं सर्वांत उंच ठिकाण, त्यामुळे विरळ हवेचा त्रास तिथेच होतो. हे चूक आहे आणि त्यामुळे लोकांची तयारीही चुकते.

माचू पिचू सुमारे 2,430 मीटरवर आहे. ज्या कुस्को शहरात विमान उतरतं, ते जवळपास 3,400 मीटरवर. म्हणजे डोकेदुखी, मळमळ, धाप सुरू होते ती बहुधा तिथेच. चार दिवसांच्या ट्रेकचा कस लागतो दुसऱ्या दिवशी, 4,215 मीटरवरच्या वार्मिवान्युस्का खिंडीत. पुढे आणखी एक खिंड आहे, पण एकूण कल उताराचा. वाटेवरच्या फुयुपाटामार्का या इंका अवशेषांतल्या दगडी स्नानकुंडांतून आजही पाणी खळाळतं. तिथून विन्याय वायना या पुढच्या अवशेषांपर्यंत इंकांच्या दगडी पायऱ्यांनी सुमारे हजार मीटर खाली यावं लागतं. इथे दमापेक्षा गुडघे बोलतात. काठी हवीच!

म्हणून विश्रांतीचे दिवस ट्रेकच्या आधी ठेवा. कुस्कोत उतरल्यावर जमलं तर थेट ओयान्तायताम्बो या गावी जा, ते सुमारे 2,800 मीटरवर आहे. डोकं दुखत असताना खिंड चढू नका. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय.