रानझाडांचे संकलन, बॉन्सायसाठी (नागपूर परिसर)

निसर्गात आपोआप उगवलेले, वय झालेले पण ठेंगणे राहिलेले झाड मुळांसह उचलून बॉन्सायसाठी कुंडीत रुजविण्याची पद्धती. जपानी परंपरेत तिला ‘यामादोरी’ म्हणतात. जाड बुंधा, भेगाळलेली साल आणि वाऱ्यापावसाने आलेला वळसा रोपवाटिकेतील झाडात यायला अनेक दशके लागतात. रानझाडांची ओढ त्यामुळेच आहे, आणि तिच्यातून होणारे नुकसानही.

उगमाविषयी मतभेद आहेत. चीनच्या शान्शी प्रांतातील राजपुत्र जांगह्वायच्या थडग्यात (इ. स. ७०६) सेवक कुंडीतील लहान झाडे घेऊन जाताना रंगविले आहेत. हा सर्वांत जुना चित्ररूप पुरावा सामान्यतः मानला जातो. जपानमधील कासुगा गोंगेन गेंकी या चित्रगुंडाळीत (सु. १३०९) तबकातील झाडे दिसतात. भारतात वामनवृक्षांची विद्या याहून जुनी असून वैद्य औषधी झाडे कुंडीत बुटकी राखत, असेही प्रतिपादन केले जाते. तथापि वृक्षायुर्वेदाच्या परंपरेचा मुख्य भर लागवड, खते व झाडांचे रोग यांवर आहे. मुळे छाटून एकच झाड पिढ्यान्‌पिढ्या कुंडीत जोपासण्याच्या कलेला तेवढ्यावरून आधार मिळत नाही. म्हणून चिनी उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. आरंभीची झाडे बहुधा डोंगरातूनच आणली जात असावीत. पुढे जपानमध्ये या संकलनाचा अतिरेक झाला. शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वताच्या कड्यांवरचे शिम्पाकू ज्युनिपर संग्राहकांनी जवळजवळ संपविले.

नागपूर भागात उन्हाळ्यात पारा ४५° से. च्या वर जातो. मुरमाड जमिनीचा पातळ थर, शेळ्यांची चराई, वणवा आणि सरपणासाठी होणारी तोड यांमुळे धावडा, बोर, चिंच, अंजन ही झाडे माळावर खुरटी राहतात व बुंध्याने जाड होतात. वड, पिंपळ, उंबर व पिंपरी यांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतींच्या फटीत पडून तेथेच रुजते. पळसाचे सोटमूळ फार खोल जात असल्याने मोठे झाड उपटल्यावर सहसा जगत नाही.

खुरट्या झाडांचे मुख्य ठिकाण म्हणजे झुडपी जंगल. पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांपुरती असलेली ही महसुली नोंद जुन्या मध्यप्रांताच्या कारभारातून आलेली आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (गावांचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची जमीनदारी) संपल्यावर गावांलगतच्या पडीक व चराऊ जमिनी सरकारजमा झाल्या आणि त्यांतील काही या नावाने नोंदल्या गेल्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हे जिल्हे मुंबई राज्यात आले, नोंद मात्र तशीच राहिली. ही जमीन वन की महसूल, हा वाद त्यानंतर कित्येक दशके चालला. १२ डिसेंबर १९९६ रोजी वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा व्यापक अर्थ घेतला. २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल त्या अर्थाने वनच आहे असे ठरले. १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींना नियमित होण्याची वाट ठेवण्यात आली, पण तिचा संकलनाशी संबंध नाही. माळ ओसाड दिसतो म्हणून तेथील झाड बेवारस, हा समज त्यामुळे टिकत नाही. खोदण्यापूर्वी सातबारा पाहणे आणि नोंद संदिग्ध असल्यास वन परिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारणे हाच योग्य मार्ग होय.

भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील वनोपजाच्या व्याख्येत वनातील झाडांबरोबर शेवाळ व पृष्ठभागावरची मातीही येते. कुंडीत पसरण्यासाठी शेवाळ खरवडून आणणेही म्हणून निरुपद्रवी समजू नये. पेंच व्याघ्र प्रकल्प व उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य येथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे आणि तेथे हौशी संकलनाला वाव नाही. वनहक्क अधिनियम, २००६ मधील गौण वनोपजाच्या व्याख्येत खुंटांचा उल्लेख आहे, त्यावरून खुंट उचलण्यास मुभा आहे असा अर्थ क्वचित काढला जातो. तो हक्क वननिवासी आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासी यांचा आहे, शहरी छंदिष्टाचा नव्हे. स्वतःच्या शेतातही आंबा, चिंच, मोह, जांभूळ, ऐन, अंजन, बिजा इत्यादी झाडांसाठी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी लागते. शहरात १९७५ चा नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षण अधिनियम लागू असून अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाकडे करावा लागतो. राज्याच्या वनविभागाचे मुख्यालय व राज्य जैवविविधता मंडळ दोन्ही नागपुरातच आहेत.

कायद्याने न अडवलेली गोष्टही टाळावी लागते. ऐन अथवा साजा हा गोंड समाजात बडादेव या मुख्य दैवताचे स्थान मानला जातो. देवस्थानाजवळचे झाड, मोहफुले वेचली जातात असे झाड, तसेच परिसरात एकुलते एक असलेले झाड उचलू नये.

निर्वेध स्रोत दोन. पहिला, पाडावयाच्या किंवा दुरुस्तीच्या इमारतींवरील वड-पिंपळ. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतील वाड्यांवर असे बुंधे आढळतात. मालकाची लेखी संमती आणि उद्यान विभागाची परवानगी घेऊन ते काढावेत. संरक्षित वास्तूच्या दगडांत शिरलेले मूळ मात्र ओढून काढल्यास बांधकाम ढासळते, तेथे पुरातत्त्व विभागाखेरीज कोणी हात लावू नये.

दुसरा स्रोत घाणेरी, विदर्भातील रायमुनिया. ही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेली आक्रमक वनस्पती आहे. तिच्या निर्मूलनासाठी प्रा. सी. आर. बाबू यांनी सुचविलेल्या पद्धतीत खोड व मूळ जेथे जुळतात तो भाग जमिनीखाली तोडून सबंध झुडूप उचलले जाते, कारण तो भाग राहिल्यास पुन्हा धुमारे फुटतात. बॉन्सायकाराला नेमका हाच भाग हवा असतो. वनविभागाच्या निर्मूलन मोहिमेतून परवानगीने असे बुंधे घेतल्यास रानाचे काही जात नाही. नेताना पिकलेली फळे काढून तेथेच नष्ट करावीत आणि कुंडीतल्या झाडालाही फळे धरू देऊ नयेत.

वड-पिंपळाच्या जातीची झाडे मृगाच्या पावसानंतर, तर पानझडी झाडे फाल्गुनात पालवी फुटण्यापूर्वी उचलतात. मोठ्या झाडाभोवती एक हंगाम आधी चर खणून निम्मी मुळे तोडल्यास बुंध्याजवळ तंतुमुळे येतात व जगण्याची शक्यता वाढते. उचललेल्या झाडाची मुळे ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी चाळलेला मुरूम व विटांचा चुरा यांत लावतात. नवी वाढ जोर धरेपर्यंत खत व तारबांधणी टाळतात आणि पहिला उन्हाळा शेडनेटखाली काढतात. मागे राहिलेला खड्डा त्याच मातीने बुजवितात. परवानगीची प्रत, ठिकाण व तारीख यांची नोंद झाडासोबत ठेवावी. झाड पुढे दुसऱ्याकडे गेले, तर त्याचा वैध उगम दाखविणारा तोच कागद असतो.