सबवूफर घ्यायला येताय? आधी खोली मोजून आणा

दुकानात पाय ठेवताठेवता सबवूफरची, म्हणजे फक्त खालचा जाड आवाज (बेस) वाजवणाऱ्या पेटीची, विचारणा होते, "बारा इंची आहे काय ओ?" विचारणाऱ्याच्या डोक्यात मिरवणुकीतली डॉल्बी असते. (स्पीकरच्या त्या भिंतीला आपल्याकडं डॉल्बी का म्हणतात, देव जाणे. त्या नावाच्या कंपनीचा तिच्याशी काही संबंध नाही.) ती उघड्या रस्त्यावर छाती हादरवायला असते. घरात गाणं ऐकायचं तर सबवूफर कुठं ठेवलाय हे कानाला कळता कामा नये. बंद केल्यावर मात्र गाणं एकदम रोडावल्यासारखं वाटलं पाहिजे.

तुम्हाला तो लागतोच का, हे आधी बघू. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज १३८ हर्ट्झच्या (सेकंदाला १३८ कंपनं) आसपास, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार ६९. चार-पाच इंची वूफरचे लहान स्पीकर साधारण तिथपर्यंत कसेबसे पोचतात. त्यामुळं घरात ख्याल आणि अभंगच वाजत असतील तर घाई करू नका. कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे; त्यांच्या सुरुवातीच्या ७८ आरपीएम तबकड्यांत खोल बेस मुळात नाहीच. तिथं सबवूफर लावून तबकडीची घरघर तेवढी मोठी होईल. सिनेमाची नवी गाणी, बेस गिटार किंवा ऑर्गन ऐकत असाल तर गोष्ट वेगळी. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते आणि लहान स्पीकर तिथं गप्प होतात.

आता खोली. इंच आणि वॅटपेक्षा आम्ही तिलाच जास्त मानतो. समोरासमोरच्या दोन भिंतींत १० फूट अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यात घुमतो, १२ फूट असेल तर ४७चा. स्लॅबच्या, फरशीच्या, पडदे नसलेल्या खोलीत हे फार जाणवतं. शहापूर-वडगावकडच्या जुन्या कौलारू घरांत बराचसा बेस कौलांतून निघून जातो, घुमत नाही. पण माडीच्या फळ्या थरथरतात आणि मांडणीवरचे पितळी डबे ताल धरतात.

टिळकवाडीत एका गिऱ्हाइकाकडं आम्हीच बसवलेला सबवूफर ढब-ढब करत होता. कोपऱ्यात ठेवला होता, कारण वायर तिथवरच पोचत होती. चूक आमचीच. मग तो उचलून त्यांच्या खुर्चीवर ठेवला, बेसचं एक गाणं लावलं आणि आम्ही भिंतीकडेनं रांगत फिरलो. घरातली पोरं हसून लोळली. टीव्हीच्या टेबलापासून दीड हात पुढं आल्यावर बेसचा एकेक ठोका सुटा ऐकू आला. सबवूफर तिथं ठेवला, बाकी काही केलं नाही. तुम्हीही हे करून बघा, फुकट आहे.

म्हणून १० बाय १२च्या खोलीला आम्ही आठ किंवा दहा इंची, चहूबाजूंनी बंद पेटीचा, म्हणजे सील्ड सबवूफर सुचवतो. पोर्टेड, म्हणजे भोकाचा, तेवढ्याच वॅटमध्ये मोठा वाजतो आणि मोठ्या हॉलला शोभतो. पण ठराविक सुराच्या खाली त्याचा आवाज झपकन पडतो. शिवाय खानापूरकडच्या पावसाळ्यात त्या भोकात झुरळं बिऱ्हाड करतात, हे आम्ही दुरुस्तीला आलेल्या पेट्यांत बघितलंय. वॅट विचारताना आरएमएस, म्हणजे सलग वाजताना पेलणारी ताकद, विचारा. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, आकडा खोक्यावर छापण्यापुरताच. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनंच वाढतो, म्हणजे उलसाच.

जोडणीत गफलत होते ती अशी: बऱ्याच स्टीरिओ अ‍ॅम्पना सबवूफरची वेगळी जागाच नसते. तेव्हा स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेणारा सबवूफर लागतो. काही अ‍ॅम्पना ही जोडणी चालत नाही, म्हणून अ‍ॅम्पच्या मागच्या बाजूचा फोटो आणि मॉडेल नंबर घेऊनच या.

लावल्यावर क्रॉसओव्हरचा नॉब (कुठल्या सुराखालचं सबवूफरनं वाजवायचं ते ठरवणारा) लहान स्पीकरना ८० हर्ट्झच्या आसपास, उभ्या मोठ्या स्पीकरना ५०-६०. व्हॉल्यूम हळूहळू वाढवा; सबवूफर वेगळा वाजतोय असं वाटलं की थोडा मागं घ्या. फेजचं बटण (सबवूफरचा ठोका स्पीकरच्या ठोक्याशी जुळवणारं) दोन्हीकडं करून बघा. खुर्चीवर बसून ज्या बाजूला बेस भरीव लागतो, ती बाजू खरी.

हूंऽऽ असा आवाज येत असेल तर आधी केबल टीव्हीची वायर काढून बघा. थांबला, तर घोळ अर्थिंगचा आहे. कळवा, आम्ही येऊन बघू. प्लगची तिसरी पिन मात्र कुणाच्याही सांगण्यावरून मोडू नका.

येताना खोलीची लांबी-रुंदी-उंची, अ‍ॅम्पचा फोटो आणि तुमच्या रोजच्या ऐकण्यातली दोन-तीन गाणी आणा. आमची गाणी ऐकून सबवूफर निवडू नका, ती आम्ही माल खपवायला ठेवलीत. पसंत पडलेला सबवूफर दोन दिवस घरी नेऊन लावून बघता येईल. तेवढं खोकं आणि थर्मोकोल फेकू नका. परत आणायचा झाला तर मांडीवर घेऊन स्कूटरवरून येऊ नये.