कळ आणि परिणाम यांची जुळणी

कळ, खटका, नॉब, तरफ किंवा पडद्यावरचे बटण यांची जागा, दिशा आणि क्रम त्यांच्यामुळे हलणाऱ्या, पेटणाऱ्या किंवा बदलणाऱ्या गोष्टीशी जेवढा मेळ खातो, तेवढी ती वस्तू विचार न करता वापरता येते. वापरसुलभ रचनेच्या अभ्यासात या मेळाला जुळणी म्हणतात. चार बर्नरची शेगडी, हॉलमधला विजेचा बोर्ड, लिफ्टची बटणे, विमानाचा चालककक्ष आणि मोबाइलचा पडदा या सगळ्यांना हा एकच प्रश्न लागू होतो. जुळणी बिघडली तरी वस्तू बंद पडत नाही. वापरणारा मात्र रोज एखादा चुकीचा दिवा लावतो आणि स्वतःलाच विसरभोळा म्हणतो. त्यामुळे हा दोष उत्पादकापर्यंत तक्रार म्हणून क्वचितच पोहोचतो आणि पुढच्या मॉडेलातही तसाच राहतो.

जुळणी तीन गोष्टींवर उभी राहते. पहिली जागा : डावीकडची कळ डावीकडचे काम करते. दुसरी दिशा : तरफ वर नेली की वस्तू वर जाते. तिसरी रूढी : उजवीकडे फिरवले की वाढते, लाल म्हणजे थांबा. जागेची जुळणी शिकावी लागत नाही, दिशेची थोडी शिकावी लागते आणि रूढीची तर पूर्ण शिकावी लागते. म्हणून रूढी ठिकाणागणिक आणि धंद्यागणिक बदलते, आणि बहुतेक भांडणे तिच्याच वाट्याला येतात.

शेगडी

या विषयातला सर्वांत जास्त उद्धृत होणारा प्रयोग शेगडीचाच आहे. अल्फोन्स शापानिस आणि लिंडेनबॉम या संशोधकांनी १९५९ मध्ये चार बर्नर आणि एका ओळीतले चार नॉब यांच्या चार मांडण्या तपासल्या. एका मांडणीत मागचे दोन बर्नर पुढच्या दोघांच्या तुलनेत थोडे सरकवलेले होते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे पाहिले तर चारही बर्नर वेगवेगळ्या जागी दिसत. उरलेल्या तीन मांडण्यांत बर्नर चौकोनात होते आणि नॉबांचा क्रम तेवढा बदललेला होता. प्रत्येक मांडणीच्या १,२०० प्रयत्नांपैकी सरकवलेल्या मांडणीत एकही चूक झाली नाही. बाकीच्या तिघींत ७६, ११६ आणि १२९ चुका झाल्या.

कारण भूमितीत आहे. नॉबांच्या ओळीत फक्त डावे-उजवे असते, बर्नरांच्या चौकोनात डावे-उजवे आणि पुढचे-मागचे असे दोन्ही असते. चौकोनात डावीकडे दोन बर्नर आहेत, पण त्यातला पुढचा कोणता आणि मागचा कोणता हे ओळ सांगू शकत नाही. आपल्याकडची दोन बर्नरची शेगडी या अडचणीत सापडत नाही. तीन बर्नरच्या शेगडीत मधला बर्नर मागे सरकवलेला असेल आणि नॉब डावा, मधला, उजवा अशा क्रमाने असतील, तर तीही सुटते. घोटाळा चार बर्नरच्या काचेच्या शेगडीपासून सुरू होतो. तिथे बर्नर नेमके चौकोनात बसवले की मधले दोन नॉब नक्की कुणाचे हे नॉबाशेजारचे बारीक चित्र पाहूनच कळते. रोजच्या तेलाने आणि घासणीने ते चित्र काही महिन्यांत पुसट होते. अशी शेगडी घेताना दुकानातच हात पुढे करून पाहावा : नॉबापासून मागे सरळ रेघ ओढली तर ती एकाच बर्नरपाशी जाते का?

नॉबाच्या दिशेचा प्रश्न वेगळा आहे. भारतीय शेगडीचा नॉब आत दाबून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवतात. सुमारे ९० अंशांवर मोठी आच मिळते आणि तसेच पुढे फिरवले की सिम. नळ जसा हळूहळू उघडतो तशी इथे आच हळूहळू वाढत नाही. बंदनंतर थेट मोठी आच येते आणि मग ती कमी होत जाते. पेटवताना बर्नरला पुरेसा गॅस मिळावा म्हणून हा क्रम ठेवलेला आहे, आणि तो बरोबर आहे. पण सिमवरचा बर्नर बंद करताना नॉब पुन्हा मोठ्या आचेवरून परत न्यावा लागतो. दूध उतू जायच्या बेतात असताना घाईत नॉब अर्धवटच फिरला, तर आच मंद होण्याऐवजी भडकते.

विजेचा बोर्ड

घरातली सर्वांत विस्कटलेली जुळणी बोर्डावर सापडते, आणि तिथे दोष क्वचितच स्विच बनवणाऱ्याचा असतो. ८ मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे एका स्विचएवढी जागा) नेहमीच्या प्लेटमध्ये ५ स्विच, १ मॉड्यूलचा पंख्याचा रेग्युलेटर आणि २ मॉड्यूलचा सॉकेट बसतो. कोणता स्विच कशाचा हे वायरमन ठरवतो. पाइपातून पेटीत येणाऱ्या वायरींमधली जी आधी हाताला लागते ती पहिल्या स्विचला जाते. पुढे फॉल्स सीलिंग होते, एलईडीच्या पट्ट्या वाढतात, आणि नवा पॉइंट जो स्विच रिकामा असेल त्याला जोडला जातो. दोन वर्षांनी दाराजवळचा दिवा चौथ्या स्विचवर असतो आणि बाल्कनीचा दिवा दोन पंख्यांच्या मध्ये.

मूळ अडचण अशी की बोर्ड भिंतीवर उभा असतो आणि दिवे छतावर आडवे असतात. बोर्डासमोर उभा राहिलेला माणूस छताचा नकाशा मनात ९० अंश फिरवून भिंतीवर लावतो. हे फिरवणे जेवढे कमी, तेवढी चूक कमी. भिंतीकडे तोंड केल्यावर डावीकडे असलेले दिवे डाव्या स्विचांवर आणि उजवीकडचे उजव्यांवर घेतले, तर एका ओळीत एवढे तरी साधते. दिवे जवळच्या आणि लांबच्या अशा दोन रांगांत असतील तर आडव्या प्लेटऐवजी ८ मॉड्यूलची चौकोनी प्लेट घ्यावी, तिच्यात ४-४ च्या दोन ओळी मिळतात. बोर्डालगतच्या भिंतीजवळचे दिवे खालच्या ओळीत आणि समोरच्या भिंतीकडचे वरच्या ओळीत घ्यावेत. पंख्याचा स्विच रेग्युलेटरला चिकटून असावा, सॉकेटचा स्विच सॉकेटला चिकटून, आणि घरभर सॉकेटच्या एकाच बाजूला.

हे काम वायरिंगआधी करायचे असते. खोलीचा आराखडा कागदावर काढावा, प्रत्येक पॉइंटला आकडा द्यावा, त्याखाली बोर्ड काढून त्याच्या स्विचांवर तेच आकडे लिहावेत आणि तो कागद वायरमनला द्यावा. प्लेट बंद करण्याआधी एकेक स्विच दाबून पाहावा, कारण त्या वेळी दोन वायरी अदलाबदल करणे मिनिटाचे काम असते. प्लास्टर आणि रंग झाल्यावर हेच काम कुणी हाती घेत नाही.

दिशेचा घोळ इथेही आहे. भारतात भिंतीवरचा स्विच खाली दाबला की चालू होतो. ही ब्रिटिश वळणाची पद्धत. अमेरिकेत वर केला की चालू. तिकडे राहून सुट्टीला आलेला माणूस पहिले काही दिवस दिवा लावताना अडखळतो तो यामुळे. पण आपल्याच मीटरपेटीतला एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा खटका, वर असताना चालू असतो आणि ट्रिप झाला की खाली येतो. एकाच घरात, एकाच विजेसाठी, दोन उलट रूढी. अंधारात मेणबत्ती घेऊन पेटी उघडणाऱ्याला हे माहीत असलेले बरे.

जिन्याच्या दुहेरी स्विचला तर दिशाच नसते. वरच्या आणि खालच्या दोन स्विचांपैकी कोणताही हलवला की दिवा बदलतो, म्हणून स्विच खाली आहे की वर यावरून दिवा चालू आहे की बंद हे कळत नाही. दिवा दिसत असेल तर काही बिघडत नाही. गच्चीवरच्या किंवा आवारातल्या न दिसणाऱ्या दिव्यासाठी मात्र असा जोड देणे चूक ठरते, तिथे इंडिकेटर असलेला स्विच हवा. गिझरच्या १६ अँपिअरच्या स्विचवर लाल दिवा असतो तो याच गरजेपोटी.

फिरवणे, वळवणे, बोलावणे

गोल नॉबाशेजारी सरळ पट्टीवर सरकणारा काटा असेल, तर काटा कोणत्या बाजूला जाईल अशी माणसाची अपेक्षा असते? वॉरिक या संशोधकाने १९४७ मध्ये दाखवले की नॉबाची काट्याच्या बाजूची कड ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला काटा जावा, असे लोक धरून चालतात. त्यामुळे नॉब काट्याच्या उजवीकडे बसवला तर ‘उजवीकडे फिरवले की वाढते’ ही रूढी आणि ही अपेक्षा एकत्र काम करतात. उभ्या पट्टीच्या डावीकडे बसवला की दोघी भांडतात.

होडीच्या सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते. दांडा हातात धरलेल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही, कारण पाते पाण्यात फिरताना त्याला जाणवते. मोठ्या जहाजांवर चाक आले तरी हुकूम दांड्याच्याच भाषेत दिले जात : ‘स्टारबोर्ड’ म्हणजे उजवी बाजू म्हटले की नाक डावीकडे वळत असे. १९१२ मध्ये टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर दिलेला ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ हा हुकूम जहाज डावीकडे वळवण्यासाठीच होता. आंतरराष्ट्रीय करारांनंतर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस ही पद्धत मोडली आणि हुकमाचा अर्थ जहाज वळण्याची दिशा असा झाला.

लिफ्टबाहेरच्या दोन बाणांचा घोळ याच जातीचा आहे. बाण आपल्याला जायच्या दिशेचा दाबायचा असतो. पण लिफ्ट तळमजल्यावर असेल आणि आपण चौथ्यावर असू, तर ‘तिला वर बोलवायचे’ म्हणून वरचा बाण दाबणारे पुष्कळ असतात. मग लिफ्ट वर जायच्या तयारीने येते, आणि खाली उतरायचे असलेला माणूस आधी वरची फेरी मारतो. काही जण दोन्ही बाण दाबतात, त्याने लिफ्ट जास्त वेळा थांबते आणि सगळ्यांचाच वेळ जातो.

गाड्या आणि विमाने

दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमाने उतरल्यावर वैमानिक फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पात्या, मिटण्याऐवजी चाके मिटून टाकत आणि विमान पोटावर बसे. दोन्हींचे खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे होते, हे शापानिस यांनीच दाखवले. उपाय साधा होता : चाकाच्या खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या खटक्याला पातीच्या आकाराची. आजही मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत या मुठींचे आकार ठरवून दिलेले आहेत. फिट्स आणि जोन्स या संशोधकांनी १९४७ मध्ये वैमानिकांच्या ४६० चुकांची छाननी केली, तेव्हा सुमारे निम्म्या चुका एका कळीऐवजी दुसरी वापरल्याच्या निघाल्या.

रस्त्यावरची उदाहरणे ओळखीची आहेत. जपानी वळणाच्या गाड्यांत वळणदिव्याची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते, युरोपीय बनावटीच्या गाड्यांत भारतातही ती डावीकडे असते. गाडी बदललेला चालक पहिला आठवडा वळणावर वायपर लावतो. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. दुसऱ्या मोटारसायकलवरून तिच्यावर बसणाऱ्याने घाईत ब्रेक समजून गिअर दाबणे ही नुसती गंमत राहत नाही. दोन्ही मांडण्या आपापल्या जागी चांगल्याच आहेत, धोका त्या आलटूनपालटून वापरण्यात आहे. ताण आला की माणूस नवे विसरतो आणि जुन्या सवयीचा हात-पाय चालवतो.

पडद्यावर

पडद्यावर जुळणीला कोणतेही यांत्रिक बंधन नसते, म्हणून चुकीला जास्त वाव असतो. माऊसचे चाक खाली फिरवले की पान वर सरकते, कारण आपण पान हलवत नसून खिडकी खाली नेतो अशी कल्पना आहे. टचस्क्रीनवर बोट थेट पानावर असते, बोट वर नेले की पान वर जाते. ॲपलने २०११ मध्ये मॅकच्या ट्रॅकपॅडलाही हीच दुसरी दिशा दिली. दोन्ही कल्पना सुसंगत आहेत. एकाच टेबलावर दोन्ही यंत्रे असणाऱ्याचे हाल होतात.

आकड्यांच्या कळांचेही तसेच. फोनवर १-२-३ वरच्या ओळीत असतात, ही मांडणी बेल लॅबच्या १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनंतर रूढ झाली. कॅल्क्युलेटर आणि संगणकाच्या कळफलकावर ७-८-९ वर असतात. एटीएमने फोनची मांडणी घेतली. दिवसभर कळफलकावर न पाहता आकडे मारणाऱ्याचा पिन एटीएमवर चुकतो तो बोटांच्या सवयीमुळे.

जागेऐवजी तर्कावर उभी असलेली जुळणी इन्स्क्रिप्ट कळफलकात दिसते. १९८०च्या दशकात भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेल्या या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला येतात. एकाच कळीवर क, शिफ्टसह ख. ग, शिफ्टसह घ. काना साधा, शिफ्टसह आ. वर्णमाला पाठ असलेल्याला ही मांडणी पटकन बसते. रोमन अक्षरांवरून मराठी लिहायची सवय लागलेल्याला मात्र ती परकी वाटते, आणि तिच्या प्रसाराला ही सवयही आड आली.

तपासणी

मांडणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. नॉब आणि बर्नर, किंवा स्विच आणि दिवे, यांचे नावे नसलेले चित्र दहा-बारा जणांना वेगवेगळे द्यावे आणि कोणते कशाचे त्या रेघा ओढायला सांगाव्यात. पहिले उत्तर धरावे, खोडून काढलेले दुसरे नाही. रेघा बहुतेक सारख्या आल्या तर तीच मांडणी बनवावी. सारख्या आल्या नाहीत, तर त्या आकारात नैसर्गिक जुळणीच नाही, असे समजून आकार बदलावा. दोन मांडण्यांची तुलना करताना एका माणसाला एकच मांडणी द्यावी, नाहीतर पहिलीची सवय दुसरीच्या निकालात उतरते. मोजायची ती पहिल्या स्पर्शाची चूक. ‘सोपे वाटले का’ या प्रश्नाला लोक भिडेपोटी हो म्हणतात. शिवाय चाचणी देणारा फोनवर बोलत असताना, हातात भांडे असताना किंवा अंधुक उजेडात चाचणी घ्यावी, कारण शांत बसून सगळेच बरोबर ओळखतात.

तयार वस्तूत बदल करता येत नसेल तर चिन्हे लावावीत, पण ती कळीच्या वर किंवा शेजारी असावीत. खाली असली तर दाबणाऱ्या हाताखाली झाकली जातात. बोर्डावर चिकटपट्टीपेक्षा स्विचच्या पृष्ठभागावर उमटवलेले चिन्ह टिकते. शेगडीच्या नॉबांचे आकार किंवा रंग बदलून काही साधत नाही, कारण त्यामुळे नॉब एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात, पण कोणता बर्नर कुणाचा हे तरीही कळत नाही.