बिलं अपलोड करताना : पोच आली नाही म्हणून पुन्हा फोटो काढू नका

दर महिन्याच्या १ तारखेला तुमच्या मोबाइलवर जीएसटी रिटर्नसाठी बिलं पाठवायची आमची लिंक येते. ती उघडायची, महिन्याची बिलं एकदम निवडायची आणि ‘पाठवा’ दाबायचं. बहुतेकांना हे आता सरावाचं झालंय. तरी १० तारखेनंतर आमच्याकडे फोन सुरू होतात : “सर, नेट गेलं होतं, म्हणून सगळी बिलं परत फोटो काढून टाकली, खात्रीसाठी.” ही खात्री सगळ्यात महाग पडते, म्हणून हे पत्रक.

आधी लिंक कशी चालते ते. ती प्रत्येक फाइल छोट्या तुकड्यांत पाठवते. अर्ध्यात रेंज गेली तरी पोचलेले तुकडे आमच्याकडे राहतात. पान बंद झालं असेल तर तीच लिंक उघडून त्याच फाइल पुन्हा निवडा, उरलेलं तेवढंच जाईल. आधीच आलेली फाइल दुसऱ्यांदा निवडली तरी बिघडत नाही. प्रत्येक फाइलवरून संगणक एक लांबलचक आकडा काढतो, बोटाच्या ठशासारखा. तोच ठसा पुन्हा दिसला की ती फाइल आपोआप बाजूला पडते.

घोळ होतो तो नवीन फोटो काढल्यावर. बिल तेच असलं तरी फोटो वेगळा, म्हणून ठसाही वेगळा. गॅलरीत कडा कापल्या, उजेड वाढवला किंवा फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरवून आणला, तरी फाइल बदलते आणि संगणकाला ते दुसरं बिल वाटतं.

एक उदाहरण बघा. रंगाच्या दुकानाचं ४८,३८० रुपयांचं बिल, त्यात जीएसटी ७,३८०. पहिल्या फोटोत बिल नंबर ११७ स्वच्छ दिसतोय. दुसरा घाईत काढलेला, त्यात शेवटच्या आकड्यावर अंगठा. वाचणाऱ्या प्रोग्रामने तो ११ असा घेतला. झाली दोन बिलं, दोन एन्ट्र्या. १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर टू-बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी तुमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, त्यात हे बिल एकदाच. मग तुमच्या खरेदीत आणि टू-बीमध्ये ७,३८० चा फरक, आणि आमचा माणूस तो शोधत बसतो. ते बिल पुरवठादाराने दाखवलंच नाही, की आपण दोनदा धरलं, हे मूळ फोटो उघडल्याशिवाय कळत नाही. असे फरक एका गठ्ठ्यात दहा निघाले की अख्खा दिवस गेला. इकडे थ्री-बीची, म्हणजे महिन्याचा कर भरायच्या रिटर्नची, २० तारीख थांबत नाही.

काही जण विचारतात, सारखी रक्कम दिसली की दुसरं बिल तुमचा संगणक काढून का टाकत नाही? कारण ते खरंही असू शकतं. सिमेंटच्या दोन गाड्या एकाच दिवशी, एकाच भावाने उतरल्या की दोन बिलं तंतोतंत सारखी, फरक फक्त नंबरचा. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे एका आर्थिक वर्षात विक्रेत्याचा बिल नंबर पुन्हा येत नाही. म्हणून आम्ही विक्रेत्याचा जीएसटी नंबर, बिल नंबर आणि वर्ष, तिन्ही जुळवतो. शंका आली तर माणूस बघतो. हक्काचं इनपुट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, आम्ही संगणकाच्या अंदाजावर सोडत नाही.

तेव्हा सवय एकच लावा. पाठवून झाल्यावर पोच बघा. तिच्यात गठ्ठा क्रमांक, किती फाइल आल्या आणि कुठली वाचता आली नाही, हे लिहिलेलं असतं. पोच आली म्हणजे आमच्याकडे पोचलं, वेगळा “मिळालं का?” विचारायची गरज नाही. आली नसेल तर लिंक पुन्हा उघडा. नवीन फोटो काढायचा तो फक्त ‘वाचता आली नाही’ लिहिलेल्या बिलाचा. तोही सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा.

व्हॉट्सअॅप का नको, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. तिथे फोटो दाबला जाऊन बारीक अक्षर पुसट होतं, आणि कुणाचं बिल कुठल्या महिन्याचं हे चॅटमध्ये वर-खाली शोधावं लागतं. जीमेल २५ एमबीच्या पुढे जोडू देत नाही. पेन ड्राइव्ह आम्ही घेत नाही, त्याचं कारण आमच्यापेक्षा त्यातले व्हायरस चांगलं सांगतील. लिंकवरून आलेली प्रत्येक फाइलही आधी वेगळी ठेवून तपासतो, मगच पुढे घेतो.

पोच आल्यावर फाइल तुम्हाला खोडता येत नाही, यावर काही जण नाराज असतात. चुकीचं बिल आलं असेल तर गठ्ठा क्रमांक कळवा, आम्ही रद्द अशी खूण करतो. पण मूळ फाइल राहते. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. नोटीस आली तर नेमकं तेच बिल लागतं, आणि ते नंबरवरून आम्ही लगेच काढून देतो. मासिक फीमध्येच हे धरलेलं आहे.

महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांनी विक्रीची बिलं ५ तारखेपर्यंत द्यावीत, जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, मुदत ११ असते. खरेदीची १० पर्यंत चालतील. बिलं जास्त असतील तर दर शनिवारी थोडी थोडी टाका, लिंक महिनाभर चालू असते. बँक स्टेटमेंटला पासवर्ड असेल तर तो काढून पाठवा, नाहीतर आमच्याकडे नुसती बंद फाइल येते.

मोबाइलची कटकट नको असलेल्यांनी बिलांची फाइल सरळ ऑफिसात आणून द्यावी. स्कॅन करून त्याच दिवशी परत देतो, दर पानाप्रमाणे, काउंटरवर लावलेला आहे. जुन्या वर्षांचे गठ्ठेही घेतो, मात्र ते २० तारखेनंतर आणा.