हरणांची शिकार (सोलापूर परिसर)

सोलापूर जिल्ह्यात हरणाची शिकार म्हणजे मुख्यतः काळविटाची आणि थोडीफार चिंकाऱ्याची शिकार. शास्त्राच्या दृष्टीने हे दोन्ही प्राणी खरे हरीण नव्हेत, कुरंग आहेत. त्यांची शिंगे पोकळ असतात आणि दरवर्षी गळत नाहीत. लोकांच्या बोलण्यात मात्र ती ‘हरणं’च. कुसळी, पवन्या आणि मारवेल गवताचा बरड माळ हे त्यांचे घर.

इथली सर्वांत जुनी शिकार फाशाची. फासेपारध्यांना त्यावरूनच नाव मिळाले, आणि सीमेपलीकडे कर्नाटकात याच समाजाला हरणशिकारी म्हणतात. तातीचे (जनावराच्या आतड्या-स्नायूंच्या चिवट दोरीचे) फास एका लांब दोरीला ओवून, खुंट्या ठोकून कळपाच्या वाटेवर आडवे लावायचे. मग शिकवलेला बैल चरत चरत पुढे जायचा. त्याच्या आडून, पाठीवर हात ठेवून, पारधी पावलापावलाने सरकायचा. माणूस दिसला की उधळणारे काळवीट बैलाला मात्र भीत नाही; कळप नुसता बाजूला होत राहतो आणि फाशाकडे ढकलला जातो. या शिकारीत घाई चालत नाही. मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी नोंदवलेली एक रीत इथे सांगायलाच हवी : गाभण किंवा दूध पाजणारी हरणी आणि पाडस फाशात सापडले, तर पारधी ते सोडून देत. पुढच्या पिढीच्या शिकारीची ती तजवीज होती. कोणत्याही सरकारी नियमाच्या कितीतरी आधीचा हा नियम.

धनगर-शेतकऱ्यांची शिकार कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यांच्या मदतीने चाले. ती बहुधा सशाची, क्वचित हरणाची. संस्थानिकांचा थाट वेगळा होता. कोल्हापूर दरबारी शिकवलेला चित्ता बैलगाडीतून माळावर नेत, कळप टप्प्यात आला की डोळ्यांवरची टोपी काढून त्याला सोडत. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले आणि हा प्रकार इतिहासजमा झाला.

याच काळात दोन गोष्टी उलट्यापालट्या झाल्या. फासेपारधी समाज इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आला. अशा जमातींना कोंडण्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तिथल्या लोकांना कापड गिरण्यांत कामाला लावले जाई. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का अजून पुसलेला नाही. दुसरीकडे, मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यप्राणी कायद्यात परवाना घेऊन शिकार करण्याची सोय होती, आणि स्वातंत्र्यानंतर जीप, रायफल व सर्चलाइट हौशी शिकाऱ्यांच्या हाती आले. रात्री प्रकाशझोतात डोळे चमकले की काळवीट जागीच थबकते. ताशी ७०-८० किलोमीटर धावणाऱ्या जनावराचा वेगच त्या उजेडात निकामी होतो. गाभण कोण, पाडस कोण, हे पाहण्याचा प्रश्नच उरला नाही. देशभर काळवीट झपाट्याने घटले त्यात या शिकारीचा वाटा मोठा होता. शिक्का मात्र फासवाल्याच्या कपाळी बसला, हा अन्याय नोंदवलाच पाहिजे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आले. आज त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. ते मूळचे ८,४९६ चौ. किमी, पुढे सुमारे १,२२२ चौ. किमी करण्यात आले. सोलापूरजवळच्या नान्नजच्या राखीव गवताळ माळांचा आधार माळढोकाइतकाच काळविटांनाही मिळाला. माळढोक आता दिसणे दुर्मीळ. काळविटांचे कळप मात्र नान्नजच्या माळावर सहज दिसतात.

चोरटी शिकार थांबलेली नाही, पण कळपांना त्याहून मोठा ताप आता वेगळा आहे. उजनी धरणाच्या पाण्याने माळ मोडून ऊस आला. रस्ते रुंद झाले, गाडीखाली हरणे येऊ लागली, आणि मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पाडसांमागे लागतात. गवत उरले नाही की कळप शाळू-हरभऱ्यात शिरतो. कोवळे कोंब खुडले की ताटाची वाढ खुंटते, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला ते नुकसान सोसत नाही. सरकारी भरपाई आहे, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणे आले. म्हणून थंडीत शेतकरी रात्रभर शेकोटी पेटवून बांधावर बसतो, आणि पत्र्याचा डबा वाजवत हरणे शेजारच्या माळाकडे हुसकतो.