पार्श्वभूमी : ‘अ‍ॅड केलं’ आणि ‘बोलावणं केलं’

वडोदऱ्यातल्या मराठी घरात कार्य निघालं की यादीत नाव घालणं आणि बोलावणं करणं ही दोन निरनिराळी कामं असतात. यादी एकजण दुपारी बसून करतो. बोलावणं करायला दांडिया बाजारातून रावपुऱ्यात, कारेलीबागेत घरोघर जावं लागतं, अक्षता द्याव्या लागतात, आणि समोरचा ‘येतो’ म्हणेपर्यंत ते पुरं होत नाही. मेसेजिंग अ‍ॅपमध्ये नवा ग्रुप उघडताना मात्र या दोन्हींना ‘अ‍ॅड’ हा एकच शब्द आहे. ग्रुप सुरू करण्याचे पडदे (स्क्रीन) नव्याने आखायचे म्हटलं की आधी नाव की आधी माणसं, फोटो सक्तीचा की नाही, यावरच बोलणं होतं. खरा गुंता या एका शब्दात आहे.

सुरुवातीला तो नव्हता. १९८८ मध्ये सुरू झालेल्या आयआरसी या इंटरनेटवरच्या गप्पांच्या व्यवस्थेत ‘जॉइन’ लिहून पुढे # लावलेलं नाव टाकलं की चॅनेल उघडायचं. पहिला येणारा ऑपरेटर, म्हणजे चॅनेलचा कारभारी व्हायचा, बाकीचे आपल्या पायांनी यायचे. कुणाला परस्पर आत ओढायची सोयच नव्हती. नीट चालवलेल्या मेलिंग लिस्टा खात्री करणारी मेल पाठवायच्या आणि उत्तर आल्यावरच नाव चढवायच्या. ब्लॅकबेरीच्या मेसेंजरवर पिन द्यायचा किंवा बारकोड दाखवायचा, समोरच्याने होकार दिला की मग बोलणं.

फोन नंबर हीच ओळख झाली आणि हा होकार गळून पडला. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आले २०११ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा आली, नोव्हेंबरात ती २०० झाली. मंडळाच्या सभेची सूचना दीडशे घरांना एसएमएसने पाठवणाऱ्याला ग्रुप ही मोठी सुटका होती. नंबर माझ्या फोनमध्ये आहे, म्हणजे माणूस माझ्या ओळखीचा आहे, म्हणजे त्याला विचारायची गरज नाही, असं त्या पडद्यांनी गृहीत धरलं. वीस-पंचवीस माणसांच्या ग्रुपला ते चालूनही गेलं. पुढे सदस्यमर्यादा २०१४ मध्ये १००, २०१६ मध्ये २५६ आणि २०२२ मध्ये आधी ५१२, मग १०२४ झाली. पडदे मात्र मुळात तेच राहिले : संपर्कयादी, प्रत्येक नावावर बोट, खाली हिरवा बाण.

२०१८ मध्ये ग्रुप सोडून गेलेल्याला पुन्हा पुन्हा आत घालण्याला आळा बसला. एप्रिल २०१९ मध्ये ‘मला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं’ ही सेटिंग आली. सगळे, माझे संपर्क, कुणीच नाही, असे तीन पर्याय होते. नोव्हेंबरात ‘कुणीच नाही’ काढून ‘अमुक सोडून माझे संपर्क’ हा पर्याय दिला गेला. ज्याने दार लावून घेतलं आहे त्याला घालायला गेलं, तर खासगी चॅटमध्ये आमंत्रण जाऊ लागलं. त्याची मुदत ३ दिवस. मूळ सेटिंग मात्र ‘सगळे’ हीच राहिली. म्हणजे ज्याने सेटिंग कधी उघडली नाही, त्याला पूर्वीसारखंच कुणीही उचलून आत टाकू शकत होतं. वाद झाला तो यावरच.

मूळ सेटिंग तशीच ठेवावी असं म्हणणाऱ्यांची बाजू वडोदऱ्यात तरी सहज झटकता येत नाही. ३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला, विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांत शिरलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा पूर आला. अशा वेळी वीज गेलेली, फोनमध्ये थोडीच बॅटरी, आणि चाळीस घरांचा ग्रुप पाच मिनिटांत उभा करायचा असतो. तळमजल्यावरच्या आजींचा होकार येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. हे सगळं खरं आहे. तरीही मूळ सेटिंग वर्षाच्या ३६५ दिवसांसाठी असते, आणि बाकीच्या दिवसांत तिचा फायदा गुंतवणुकीच्या नावाखाली फसवणारे अनोळखी नंबर घेतात. शिवाय पुराच्या घाईला चाळीस नावांवर बोट ठेवण्यापेक्षा आमंत्रणाची लिंक बरी. ती २०१६ पासून उपलब्ध आहे. लिफ्टजवळ क्यूआर कोड चिकटवला की माणसं स्वतः येतात. लिंकचाही धोका आहे : फेब्रुवारी २०२० मध्ये अशा लिंका शोधयंत्रांत सापडू लागल्या होत्या. म्हणून काम झालं की ती रीसेट करायची. २०२३ पासून प्रवेशाआधी अ‍ॅडमिनची मंजुरी लावण्याचीही सोय आहे.

आमंत्रणाची वाट बिघडते ती अशी. मंडळाचे सहकार्यवाह यादीतून साठ नावं निवडतात आणि ग्रुप तयार करतात. त्रेपन्न जण थेट आत येतात. उरलेल्या सातांना आमंत्रण गेल्याची सूचना येते, पण ‘ठीक आहे’ दाबलं की ती नजरेआड होते. सहकार्यवाहांच्या लेखी साठ झाले. त्या सातांपैकी ज्यांच्याकडे सहकार्यवाहांचा नंबर सेव्ह नाही, त्यांना अनोळखी नंबरावरून आलेलं आमंत्रण फसवणुकीचं वाटतं आणि ते हात लावत नाहीत. ७२ तासांनी ते बाद होतं. सभेच्या दिवशी ‘आम्हाला कळवलंच नाही’ आणि ‘मी सगळ्यांना अ‍ॅड केलं होतं’ असं दोन्ही ऐकू येतं, आणि दोघेही खरं बोलत असतात.

मग निवडतानाच प्रत्येक नावासमोर ‘थेट येईल’ किंवा ‘आमंत्रण जाईल’ असं का दाखवत नाहीत? कारण तसं दाखवलं की कुणी कुणासाठी दार लावलं आहे हे ग्रुप न बनवताच तपासता येईल. यादी उघडायची, नातेवाइकांच्या नावांवरून बोट फिरवायचं, की कोणी आपल्याला वगळलं ते कळलं. दार लावण्याची मोकळीक द्यायची आणि ते लावल्याचा बोभाटाही करायचा, हे बरोबर नाही. त्यामुळे ही माहिती ग्रुप तयार झाल्यावरच द्यावी लागते. पण ती टिकून राहायला हवी. ग्रुपच्या माहितीत सदस्यांच्या खालीच ‘बोलावणं बाकी : ७’ अशी ओळ, नावं आणि उरलेले तास दिसले, तर आठवणीचा फोन वेळेवर जाईल. आमंत्रणातही ग्रुपचं नाव, बोलावणाऱ्याचं नाव आणि आत किती माणसं आहेत हे लिंकच्या आधी वाचता आलं पाहिजे. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपने २०२० च्या नव्या ग्रुपरचनेत याच दिशेने पाऊल टाकलं : अनोळखी माणसाने ग्रुपमध्ये घातलं तर आधी विनंती दिसते, मग स्वीकारायची की नाकारायची ते तुम्ही ठरवता.

शब्दाचा हा घोळ पार खालच्या थरापर्यंत पोचलेला आहे. ग्रुपमधले संदेश फक्त सदस्यांनाच वाचता यावेत म्हणून ते कूटबद्ध कसे करायचे हे ठरवणारं एमएलएस हे मानक जुलै २०२३ मध्ये आलं. त्यातही नवा माणूस घेण्याच्या प्रस्तावाचं नाव ‘अ‍ॅड’च आहे, आणि त्या माणसाला जो संदेश जातो तो ‘वेलकम’. त्यासाठी लागणाऱ्या त्याच्या कूटकिल्ल्या त्याच्या फोनने आधीच सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, त्यामुळे तो झोपेत असला तरी त्याचं स्वागत उरकतं. होकाराची पायरी वरच्या पडद्यांवर घातली नाही, तर खाली ती कुठेच नसते.

नावाचा प्रश्न त्यामानाने लहान, पण मराठीत लिहिणाऱ्यांना रोज टोचणारा. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपच्या नावाला बरीच वर्षं २५ अक्षरांची मर्यादा होती. ‘दांडिया बाजार गणेशोत्सव समिती’ यात आपण १४ अक्षरं आणि ३ मोकळ्या जागा मोजतो. युनिकोड, म्हणजे संगणकात अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त वेगळे धरतं, त्यामुळे तेच नाव २९ होतं आणि ‘समिती’तल्या ‘स’वर तुटतं. पुढे मर्यादा १०० झाली आणि हा त्रास गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये सहा जणांपर्यंतच्या ग्रुपला नाव न देण्याची मुभा मिळाली. मग सदस्यांच्या नावांवरून शीर्षक आपोआप बनतं, तेही ज्याच्या त्याच्या संपर्कयादीप्रमाणे. एकाच बाईंचा नंबर एकाकडे ‘मनीषाताई’, दुसऱ्याकडे ‘मनीषाबेन ए-४’, तिसऱ्याकडे नुसता आकडा. अशा ग्रुपबद्दल फोनवर बोलायचं झालं तर ‘कुठल्या ग्रुपवर टाकलंय?’ याचं उत्तर देता येत नाही. दोन दिवसांत मिटणाऱ्या कामाला ही सोय चांगली, पण वर्षभर चालणाऱ्या ग्रुपला नाव मागितलंच पाहिजे.

आणि वडोदऱ्यात तर नावं तीन लिप्यांत सेव्ह असतात : देवनागरी, गुजराती, रोमन. नाव शोधण्याची चौकट अक्षरशः जुळणी करत असेल, तर देवनागरीत ‘जोशी’ टाकल्यावर गुजरातीतले जोशी सापडत नाहीत आणि माणूस ग्रुपबाहेर राहतो. उपाय अवघड नाही. युनिकोडमध्ये या दोन लिप्या समांतर मांडलेल्या आहेत. देवनागरी चिन्हाच्या क्रमांकात ३८४ मिळवले की जवळजवळ प्रत्येक वेळी गुजराती जोडीदार मिळतो, ‘ळ’चासुद्धा. अडतं ते ‘ऱ’पाशी, कारण गुजरातीत त्या जागी काहीच नाही. ‘गोऱ्हे’ शोधताना आधी ‘ऱ’चा ‘र’ करून घ्यावा लागतो. देवनागरीतही हा अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे टाइप होतो, एकदा स्वतंत्र चिन्हाने आणि एकदा ‘र’, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. त्यामुळे पडद्यावर एकसारखे दिसणारे दोन गोऱ्हे एकमेकांशी जुळत नाहीत. शोधाआधी दोन्ही रूपं एका रूपात आणावी लागतात.