बातमीदार कोणाच्या बाजूचा? मुंबईतील फुटबॉल वार्तांकनाची पार्श्वभूमी

स्थानिक फुटबॉलच्या बातमीदाराने तटस्थ राहावे की शहराच्या संघाचा उघड पाठीराखा व्हावे, हा वाद मुंबईत तसा अलीकडचा आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुंबई सिटी एफसीच्या रूपाने शहराचे नाव, ठरलेला रंग आणि गॅलरीत घोषणा देणारे पाठीराखे असा सगळा सरंजाम असलेला क्लब उभा राहिला. त्यानंतर पत्रकार कक्षात गोलला टाळ्या वाजवणे योग्य की अयोग्य, पराभवानंतर प्रशिक्षकाला अडचणीचा प्रश्न विचारणारा बातमीदार आपला की परका, असे प्रश्न येथे पडू लागले. मात्र या शहरात फुटबॉलच्या बातम्या त्याआधी शतकभराहून अधिक काळ लिहिल्या जात होत्या आणि लिहिणाऱ्यांच्या निष्ठा क्लबांपेक्षा वेगळ्याच ठिकाणी गुंतलेल्या होत्या.

रोव्हर्स करंडक स्पर्धा मुंबईत १८९१ मध्ये सुरू झाली आणि वूस्टरशायर रेजिमेंटच्या बटालियनने तो करंडक प्रथम जिंकला. खेळणाऱ्या पलटणी ब्रिटिश, स्पर्धा भरवणारे ब्रिटिश आणि इंग्रजी वृत्तपत्रांचा मुख्य वाचकही बहुतांशी त्याच वर्तुळातला होता. अशा वार्तांकनाला तटस्थ म्हणावे की एकाच घरातल्यांनी एकमेकांसाठी लिहिलेला वृत्तान्त म्हणावे, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडण्याचे कारण नव्हते. तो पडला कलकत्त्यात. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड ही तिथली मानाची स्पर्धा जिंकली आणि भारतीय मालकीच्या वृत्तपत्रांनी तो विजय एका संघाचा न मानता समाजाच्या आत्मसन्मानाचा मानून छापला. अनवाणी खेळणाऱ्या भारतीयांनी बूट घातलेल्या सैनिकांना हरवल्यावर लेखणी कोरडी ठेवावी, असा आग्रह आज कोणी धरणार नाही, आणि माझ्या मते तेव्हाही धरला जायला नको होता.

मुंबईत हा क्षण उशिरा आला. भारतीय संघाला रोव्हर्स करंडक मिळायला १९३७ साल उजाडले. तो जिंकणारा बंगलोर मुस्लिम्स हा संघ मुंबईचा नव्हता, आणि पुढे १९४० मध्ये जिंकणारा मोहम्मेडन स्पोर्टिंगही कलकत्त्याचा होता. रोव्हर्सचे सामने जिथे होत त्या कूपरेजच्या मैदानाचे हे वैशिष्ट्य नंतरही टिकले. हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक नेला. बंगालचे संघ आले की मुंबईतले बंगाली मैदानाकडे वळत आणि गोव्याचा संघ खेळत असला की धोबीतलाव, गिरगाव, वांद्रे या भागांतली गोवेकर मंडळी गर्दी करत. यजमान शहराचा संघ मैदानात असताना गॅलरी पाहुण्यांच्या बाजूने असणे येथे अपवादात्मक नव्हते. अशा मैदानावर बातमीदाराने 'आपला संघ' म्हणावे तरी कोणाला?

स्थानिक क्लब होते, पण त्यांचे स्वरूप निराळे होते. मफतलाल, टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅलटेक्स, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्र असे हे कचेऱ्यांचे आणि कारखान्यांचे संघ होते. खेळाडू सकाळी हजेरीपुस्तकावर सही करून दुपारी सरावाला जाणारा नोकरदार असे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला ४-२ असा विजय मिळवून देणारे नेव्हिल डिसूझा मुंबईच्या याच फुटबॉलमध्ये वाढले आणि टाटांच्या संघाकडून खेळले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक नोंदवणारे ते पहिले आशियाई खेळाडू. एवढा मोठा खेळाडू असूनही गिरणगावातल्या किंवा दादरच्या एखाद्या घराने पिढ्यान्‌पिढ्या टाटांच्या संघाचे पाठीराखेपण जपले, असे झाले नाही, कारण कंपनीच्या संघावर कर्मचाऱ्यांखेरीज इतरांचा हक्क नसतो.

या रचनेतून मुंबईच्या फुटबॉल बातमीदाराचा स्वभाव घडला. त्याचे प्रेम कोणत्याही क्लबवर नव्हते, खेळावर होते. क्रिकेटने व्यापलेल्या पानावर शहरातल्या हारवूड लीगच्या निकालासाठी चार ओळींची जागा मिळवणे, हेच त्याचे मोठे काम असे. संघटना त्याला गुणपत्रक देई आणि तो ती बातमी छापून आणी, असा हा परस्पर सोयीचा व्यवहार होता. त्यात दोष काढणे सोपे आहे, पण ती चार ओळींची जागा टिकवली नसती, तर या शहरातल्या फुटबॉलची कित्येक वर्षे कोणत्याच कागदावर राहिली नसती. तरीही या व्यवहाराची किंमत मोजावी लागली. आधीच दुर्लक्षित असलेल्या खेळाच्या संघटकांना दुखवू नये, अशी भावना बळावली, आणि संघटकांना न दुखवणे म्हणजेच खेळावर प्रेम करणे, असा समज हळूहळू रुजला.

मूळ वाद मात्र इंग्लंडच्या गावोगावच्या सायंदैनिकांत वाढला. तेथे शनिवारी संध्याकाळी सामने संपल्यानंतर तासाभरात गुलाबी किंवा हिरव्या कागदावर फुटबॉलची खास आवृत्ती निघे आणि बातमीदार टोपणनावाने लिहीत. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावरील उभ्या प्रेक्षकांच्या उतरंडीला 'स्पायन कॉप' हे नाव सुचवणारे अर्नेस्ट एडवर्ड्स हे त्याच शहरातील दैनिकाचे क्रीडा संपादक होते. १९०६ मध्ये बातमीदाराने दिलेले नाव त्या उतरंडीचे कायमचे नाव झाले, इतकी ही जवळीक होती. ती किती खोल जाऊ शकते, हे ६ फेब्रुवारी १९५८ रोजी जगाला कळले. बेलग्रेडहून परतणारे मँचेस्टर युनायटेडचे विमान म्युनिकला कोसळले, तेव्हा मृत्यू पावलेल्या २३ जणांत आठ पत्रकार होते. त्यांपैकी टॉम जॅक्सन आणि आल्फ क्लार्क हे मँचेस्टरच्या सायंदैनिकांसाठी वर्षानुवर्षे युनायटेडबरोबर फिरणारे बातमीदार होते. संघाच्या विमानात, संघाच्या हॉटेलात आणि संघाच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिण्याची ती पद्धत होती, आणि तिच्यातून आलेले लेखन आजही जिवंत वाटते.

पुढे क्लबांचे अर्थकारण बदलले आणि जवळीक ही क्लबने द्यायची किंवा काढून घ्यायची गोष्ट झाली. मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी २००४ पासून २०११ पर्यंत बीबीसीशी बोलणे टाळले. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यूकॅसल युनायटेडने शहरातील तीन वृत्तपत्रांच्या बातमीदारांना बंदी घातली, कारण त्यांनी मालकांविरुद्धच्या पाठीराख्यांच्या मोर्चाला ठळक प्रसिद्धी दिली होती. या घटनेत बातमीदार पाठीराख्यांच्या बाजूने होते आणि नेमके म्हणूनच क्लबला नकोसे झाले. पाठीराखा असणे आणि क्लबचा माणूस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसते.

मराठी वृत्तपत्रांत खेळाच्या बातमीला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने वि. वि. करमरकर यांच्याकडे जाते. 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ मध्ये सुरू झाल्यावर त्यांनी क्रीडापानाला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व दिले. कबड्डी, खो-खो, कुस्ती या खेळांबद्दल त्यांना मनापासून आस्था होती, आणि तरी, किंबहुना म्हणूनच, संघटनांच्या कारभारावर ते कठोरपणे लिहीत. मराठी क्रीडापत्रकारितेत आस्था आणि चिकित्सा एकाच लेखणीत नांदू शकतात, याचा पुरावा मिळवायला परदेशात जाण्याची गरज नाही. त्याही आधी, सामाजिक फाळणीला खतपाणी घालणाऱ्या धर्मनिहाय पंचरंगी क्रिकेट सामन्यांविरुद्ध 'बॉम्बे क्रॉनिकल'चे क्रीडा संपादक जे. सी. मैत्रा यांनी १९४० च्या सुमारास मोहीम चालवली होती. ती भूमिका तटस्थ नव्हती, पण कोणत्याही संघाच्या विजयासाठीही नव्हती.

महाराष्ट्रात क्लबनिष्ठा पाहायची तर कोल्हापूरला जावे लागते. तेथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या फुटबॉलला पेठेची ओळख चिकटलेली आहे, शाहू स्टेडियम भरते आणि सामन्यानंतरच्या भांडणांमुळे स्पर्धा थांबवण्याची वेळही येते. एखाद्या पेठेत वाढलेल्या बातमीदाराला तेथे आपले मूळ लपवता येत नाही, आणि वाचकालाही ते ठाऊक असते. त्यामुळे त्याच्या पंचगिरीबद्दलच्या एका वाक्याचाही हिशेब संध्याकाळी चौकात मागितला जातो. मुंबईच्या बातमीदाराला असा हिशेब द्यावा लागला नाही, हे त्याचे स्वातंत्र्य होते आणि वैगुण्यही.

ते वैगुण्य संघ बंद पडू लागले तेव्हा जाणवले. रोव्हर्स करंडक २०००-०१ नंतर भरला नाही. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड अवघ्या चार वर्षांत, २०१० मध्ये, बंद झाला. यापुढे शालेय आणि तळागाळातील फुटबॉलकडे लक्ष देणार, असे कंपनीने सांगितले. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला. राष्ट्रीय विजेता संघ शहरातून नाहीसा होतो, तेव्हा त्या खेळाडूंच्या नोकऱ्यांचे, कनिष्ठ गटांचे आणि मैदानाच्या वापराचे काय होणार, हे महिनोन्‌महिने विचारत राहायला पाठीराख्याची चिकाटी लागते. शांत तटस्थता अशा वेळी निधनवार्ता लिहून मोकळी होते.

इंडियन सुपर लीगच्या काळात पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारतीय संघाच्या चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्याला जेमतेम अडीच हजार प्रेक्षक आले आणि कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफीत प्रसारित करून लोकांना मैदानात येण्याचे आवाहन केले, आमच्यावर टीका करा, ओरडा, पण या, असे त्याने सांगितले. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. त्या आठवड्यात मुंबईच्या क्रीडापानांनी आवाहनाला दिलेली साथ योग्यच होती. अडचण पुढे आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीची बहुतांश मालकी मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपकडे गेली आणि क्लबची स्वतःची प्रसिद्धी यंत्रणा अधिक सफाईदार झाली. २०२०-२१ चा हंगाम करोनामुळे पूर्णपणे गोव्यात, बंद दरवाजांआड झाला. १३ मार्च २०२१ रोजी बिपिन सिंगच्या शेवटच्या मिनिटांतील गोलने मुंबईने एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा शहरातला बातमीदार आणि शहरातला पाठीराखा दोघेही दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर होते. पत्रकार परिषदा संगणकावर होत, छायाचित्रे आणि खेळाडूंची वक्तव्ये क्लबकडून येत. जे सर्वांना दिसते त्यापलीकडचे काही बातमीदाराकडे उरले नाही, आणि मग उत्साहाची भाषा हीच त्याची ओळख बनण्याचा धोका निर्माण झाला.

२०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांची आशियाई करंडक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली. २३ जानेवारीला चिनी तैपेईविरुद्ध उभा करण्याइतकाही भारतीय संघ उरला नाही, कारण संघात करोनाची लागण पसरली होती, आणि यजमान देश स्पर्धेबाहेर गेला. प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी हॉटेलातील कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांबद्दल जाहीरपणे प्रश्न उपस्थित केले. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा कारभार प्रशासकांच्या समितीकडे सोपवला. त्यामागे राहुल मेहरा या वकिलांनी दीर्घकाळ लढवलेली याचिका होती. ऑगस्टमध्ये हा बाहेरचा हस्तक्षेप मानून फिफाने भारताला निलंबित केले, अकरा दिवसांनी निलंबन उठले आणि ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईत मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना होऊ शकला. आपल्या मुलींचा संघ आपल्याच शहरात तो सामना न खेळताच बाद झाला याचा संताप ज्या बातमीदाराला आला, त्यालाच करोनापासून बचावासाठीच्या सुरक्षित वर्तुळाची (बायो-बबलची) जबाबदारी कोणाकडे होती, चाचण्यांचे अहवाल कोणाला केव्हा मिळाले आणि महासंघाच्या निवडणुका इतकी वर्षे का रखडल्या, हे विचारण्याची निकड वाटणार होती.